शिडाच्या नावेवरचे २० दिवस: अटलांटिक ओलांडताना रोजचं जगणं कसं असते, विचारा

धुऱ्यावरचा | रात्री ८:५०

नमस्कार मंडळी. मी मोर्शी तालुक्यातला. आयटीआय फिटर झाल्यावर गोव्यात बोटी दुरुस्त करणाऱ्या एका यार्डात सहा वर्षं काढली. तिथल्या ओळखीतून मागच्या नोव्हेंबरात ४२ फुटी शिडाच्या नावेवर खलाशी म्हणून गेलो. कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासहून निघालो आणि कॅरिबियनमधल्या मार्टिनिकला पोचलो. साधारण २,७०० सागरी मैल, म्हणजे ५,००० किलोमीटर. आम्ही चौघं होतो. २० दिवस लागले.

गावात आल्यापासून पारावर, बाजारात, कटिंगच्या दुकानात दोनच प्रश्न: वादळ आलं होतं का आणि शार्क दिसला का. शार्क दिसला नाही. वादळ म्हणावं असंही काही नाही, एक झोडपणं बसलं, त्याचं पुढे सांगतो. पण २० दिवस माणूस तिथे करते काय, हे कोणी विचारत नाही. मला तेच सांगायचं आहे.

रात्रीचे चार तुकडे केले होते. ९ ते १२, १२ ते ३, ३ ते ६, ६ ते ९. प्रत्येकाचा एक पहारा, माझा १२ ते ३. हरभऱ्यात जागलीला बसलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. दहा रात्री रानडुक्कर येत नाही. अकराव्या रात्री डोळा लागला की सकाळी या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत वावर उकरलेलं. समुद्रात डुकराच्या जागी मालवाहू जहाज असते, नाही तर वारा. सुकाणू बहुतेक वेळ यंत्र धरते. तुम्ही उठायचं, चारी बाजूचं क्षितिज पाहायचं, शिडं पाहायची, दोर हातानं चाचपायचे, वहीत वारा आणि वेग लिहायचा, बसायचं. परत उठायचं.

निघालो तेव्हा घड्याळ ग्रीनिचचं होतं. माझा पहारा १२ ला सुरू व्हायचा तेव्हा घरी सकाळचे साडेपाच झालेले असायचे. माय उठून चूल पेटवत असेल, असा रोज त्याच वेळी विचार यायचा. पुढे पश्चिमेला सरकत गेलो तसं नावेवरचं घड्याळ मागे करत नेलं आणि तो मेळ तुटला. त्या दिवशी जरा सुनं वाटलं.

विचारा, जे येते ते सांगतो.

पऱ्हाटी_वणी | रात्री ९:१५

भाऊ, लय भारी. मले हे सांगा, झोपता कसे? नाव हालत असन तं माणूस पलंगावरून खाली पडन नं?

धुऱ्यावरचा | रात्री ९:३२

पडतेच. म्हणून पलंगाच्या मोकळ्या बाजूला कापडाचा पडदा वर बांधतात आणि माणूस त्याच्यात अडकून झोपते. लेकराची झोळी डोळ्यासमोर आणा, तीच गोष्ट. वारा पाठीमागून असला की नाव डावी-उजवी, डावी-उजवी लोळत राहते, थांबतच नाही. पहिले तीन दिवस मला उलट्या झाल्या. आल्याचा तुकडा चघळत बाहेर बसायचं आणि नजर क्षितिजावर ठेवायची, खाली मान घालून काही करायचं नाही. चौथ्या दिवशी उतरलं.

झोप तुकड्यातुकड्यानं मिळते. तीन तास रात्री, दोन तास सकाळी, तास-दीड तास दुपारी. म्हणून झोपलेल्या माणसाजवळ कोणी मोठ्यानं बोलत नाही, भांडं आपटत नाही. चौघांच्या घरात इतकी जपणूक मी दुसरीकडे पाहिली नाही.

चुलीजवळची | रात्री ९:४८

दादा, सैपाकाचं सांगा. शेगडीवरचं पातेलं हालत नाही काय? भाकर होते काय तिथं?

धुऱ्यावरचा | रात्री १०:२०

ताई, शेगडी झुलती असते. दोन बाजूंना खिळीवर टांगलेली. नाव कलली तरी शेगडी सरळच राहते. भांडं सरकू नये म्हणून वर पकडी असतात. तरी सगळ्यात कामाची वस्तू कुकर. झाकण घट्ट, उलटला तरी उकळतं पाणी अंगावर येत नाही. सैपाक करताना कितीही उकडलं तरी अंगात जाड एप्रन आणि कमरेला पट्टा, कारण समुद्रात भाजलं तर दवाखाना दहा दिवसांवर आहे.

भाकर दोनदा केली. ज्वारीचं पीठ घरून नेलं होतं. थापायला सपाट जागा म्हणजे जिन्याची पायरी, मी खाली बसून दोन्ही पाय भिंतीला टेकवून थापली. तिसरी भाकर मोडली. पण झुणक्यासोबत चौघांनी मोडकी भाकरही पुसून खाल्ली. आमचा कप्तान परदेशी, त्याला ठेचा फार आवडला, शेवटच्या आठवड्यात मोजून वाढावा लागला.

भाताचं एक शिकलो. तीन वाट्या गोडं पाणी आणि एक वाटी समुद्राचं घेतलं की मीठ टाकावं लागत नाही आणि तेवढं गोडं पाणी वाचते. आलू तर निम्म्या खाऱ्या पाण्यात उकडायचे. ताजी भाजी आठ-दहा दिवसांत संपते, राहते पत्ताकोबी, कांदे, आलू. कांदे आणि आलू एका जाळीत ठेवायचे नाहीत. अंडी न धुतलेली घ्यायची आणि रोज उलटवायची, फ्रिजशिवाय टिकतात. खोकी नावेवर येऊच द्यायची नाहीत, पुठ्ठ्याच्या घड्यांमध्ये झुरळाची अंडी असतात. सगळा माल धक्क्यावरच काढून जाळीत भरला.

मुगाला मोड आणायचं काम माझ्याकडे होतं. ओल्या फडक्यात बांधून जिन्याखाली लटकवायचे. पंधराव्या दिवशी हिरवं असं काही दिसत नाही तेव्हा मोडाचे मूग फार गोड लागतात.

संत्राबाग | रात्री १०:४१

आणि संत्रं? मृगाचा माल झाडावर आहे आमचा, म्हणून विचारतो. वीस दिवस टिकते का?

धुऱ्यावरचा | रात्री १०:५५

काका, तिथली संत्री जाड सालीची, घट्ट, आपल्यासारखी सुटत्या सालीची नव्हेत. जाळीत, हवेशीर, एकाला एक न घासता ठेवली तर शेवटपर्यंत टिकली. रोज हात लावून पाहायची, मऊ पडलेलं फळ त्याच दिवशी खायचं. आपलं नागपुरी इतकं टिकलं नसतं, साल लवकर ढिली पडते. पण सोलताना वास सुटायचा तेव्हा डोळ्यासमोर आपलीच बाग यायची.

गुरुजी_निवृत्त | रात्री ११:०५

संत्र्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. जुन्या काळी लांबच्या प्रवासात खलाशांच्या हिरड्या सुजत, जुन्या जखमा पुन्हा उघडत आणि माणसं मरत. तो स्कर्व्ही. १७४७ साली जेम्स लिंड या डॉक्टरनं सॅलिसबरी नावाच्या ब्रिटिश युद्धनौकेवर १२ आजारी खलाशी घेतले आणि दोघादोघांना वेगवेगळं औषध दिलं. कोणाला व्हिनेगर, कोणाला सायडर, कोणाला समुद्राचं पाणीसुद्धा. ज्या दोघांना रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळालं, ते आठवड्याच्या आत सुधारले. इतकं स्वच्छ दिसूनही ब्रिटिश नौदलानं लिंबाचा रस सर्वांना द्यायला १७९५ उजाडलं. मी वर्गात क जीवनसत्त्व शिकवताना पोरांना आधी हे सांगत असे आणि मग विचारत असे, तुमच्या बापाच्या बागेत काय लागते?

कोरडवाहू | रात्री ११:३०

भाऊ, राग मानू नका. पण हे मोठ्या लोकाइचे शौक आहेत. आमच्या गावात मार्चपासून टँकर लागते. बायका दोन-दोन गुंड पाण्यासाठी रात्री बाराला हापशीवर उभ्या राहतात. आणि आपण इथं नावेच्या गोष्टी करून राह्यलो.

धुऱ्यावरचा | सकाळी ६:१०

रात्री जागल होती, आता घरी आलो. दादा, राग नाही. तुम्ही पाण्याचं काढलं ते बरं झालं, मला तेच नीट लिहायचं होतं.

आधी शौकाचं. नाव मालकाची होती, मी मजुरीनं गेलो होतो. परतीचं तिकीट, जेवण आणि ठरलेले पैसे. त्या पैशात घरच्या विहिरीचा पंप बदलला.

आता पाणी. नावेच्या टाकीत ३५० लिटर, शिवाय वेगळ्या डब्यांत ६० लिटर, ते संकटासाठी, हात लावायचा नाही. समुद्राचं पाणी गोडं करणारं लहान यंत्र होतं, त्यामुळे पहिला आठवडा बाकीचे तिघं जरा सैल हातानं वापरत होते. आठव्या दिवशी यंत्राचा दाब चढेना. मी फिटर, दिवसभर उघडून बसलो. पंपाचं सील गेलेलं आणि त्या मापाचं दुसरं सोबत नाही. टाकीत २०० लिटर उरलं होतं आणि मार्टिनिक १२ दिवस दूर.

मी कागदावर लिहिलं: माणशी ४ लिटर, चौघांचे १६, बारा दिवसांचे १९२. पिणं, चहा, सैपाक सगळं त्यात. बाकीचे कागदाकडे पाहत राहिले. त्यांच्या आयुष्यात नळ कधी बंद झाला नव्हता. मी म्हटलं, पुरते. मी लहानपणापासून माझ्या मायला दोन गुंडात सहा जणांचं घर चालवताना पाहिलं आहे. कोणतं पाणी आधी कशाला आणि नंतर कशाला वापरायचं, भाजी धुतलेलं पाणी कुठे जाते, हे तिनं शब्दांत शिकवलं नाही. तिच्या हाताकडे पाहून आलं.

मग असं केलं. टाकीचा विजेचा पंप बंद केला, पायानं दाबायचा पंप ठेवला, म्हणजे नळ सोडून देता येत नाही. रोज सकाळी प्रत्येकाची बाटली भरून नाव लिहायची. भांडी खाऱ्या पाण्यानं घासायची आणि शेवटी फडकं ओलं करून पुसायची. आंघोळ बादलीनं समुद्राच्या पाण्याची, आणि नंतर एक तांब्या गोडं, फक्त मीठ उतरवायला. मीठ अंगावर राहिलं की बसायच्या जागी पुरळ येते आणि मिठाचे कपडे कधी पूर्ण वाळत नाहीत, हवेतली ओल ओढत राहतात.

तेराव्या दिवशी पाऊस आला. पहिली पाच मिनिटं पाणी वाहू द्यायचं, शिडावरचं मीठ धुऊन जाते. मग शिडाच्या खालच्या कोपऱ्याला बादली टांगली. ४० लिटरच्या आसपास मिळालं. कप्तान त्या पावसात उभा राहून डोकं धूत होता आणि हसत होता. पोचलो तेव्हा टाकीत ३० लिटर होतं आणि ते ६० तसंच सीलबंद.

तुमच्या गावच्या बाया जे रोज करतात ते त्या नावेवर सगळ्यात मोठं कसब ठरलं. दादा, मी इथं नावेच्या गोष्टी करून राह्यलो ते म्हणूनच.

कोरडवाहू | सकाळी ७:०२

वाचलं. मायले दाखवलं. ते म्हणते, भांडे राखेनं घासले असते तं पुसाले पाणीही लागलं नसतं.

खलाशी_रत्नागिरी | सकाळी ९:४०

मी १७ वर्षं व्यापारी जहाजांवर आहे. छान लिहिताय, पण एका गोष्टीवर बोलायलाच हवं. तुम्ही लिहिलंत, उठायचं, पाहायचं, बसायचं, परत उठायचं. समुद्रावर टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. त्यातला पाचवा नियम म्हणतो की डोळ्यांनी आणि कानांनी टेहळणी सतत हवी. आमच्यासारखं जहाज २० नॉटनं, म्हणजे ताशी २० सागरी मैलांनी येतं. क्षितिजावर दिवा दिसल्यापासून वीसेक मिनिटांत ते तुमच्यावर असतं. आणि आमच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, लाटांमधली ४२ फुटी नाव रडारवर नेहमी दिसतेच असं नाही.

धुऱ्यावरचा | सकाळी १०:२५

दादा, बरोबर आहे तुमचं. माझं लिहिणं सैल झालं. आम्ही बसायचो ते बाहेरच, डोळे समुद्रावरच. दर दहा मिनिटांनी उठून शिडाआड लपलेली बाजू पाहायची असा कप्तानचा नियम होता. जहाजांची जागा दाखवणारं एआयएस होतं, आमचीही जागा ते सांगायचं. २० दिवसांत अकरा जहाजं दिसली. एकाला रेडिओवर बोलावलं, त्यानं दिशा बदलली.

पण पहाऱ्यात चूक झाली ती जहाजाची नाही, वाऱ्याची. माझीच.

सोळावी रात्र. दीडच्या सुमारास मागच्या बाजूला क्षितिजावरच्या चांदण्या विझल्यासारख्या झाल्या. काळा पट्टा. असा पट्टा म्हणजे पावसाचा झपाटा, त्याच्यापुढे वारा येतो, हे मला सांगितलेलं होतं. अंधार पडण्याआधी शीड कमी करायचं हा रोजचा नेम, पण त्या संध्याकाळी वारा मंद म्हणून पुढचं शीड पूर्ण ठेवलेलं. कप्तान तासाभरापूर्वीच झोपला होता, त्याच्या आधीच्या दोन रात्री दुरुस्तीच्या कामात गेल्या होत्या. मी म्हटलं, झोपू दे, पट्टा कदाचित बाजूनं जाईल. दहा मिनिटं थांबलो.

आधी वारा पडला. मग एकदम थंड हवा अंगावर आली आणि १६ नॉटचा वारा ३४ वर गेला. सुकाणूच्या यंत्रानं हात टेकले, नाव वाऱ्याकडे वळून आडवी झाली, शीड इतकं फडफडायला लागलं की आवाजानं सगळे उठले. कप्तान आणि मी दोघं पट्टा अडकवून पुढे सरपटलो. पट्ट्याशिवाय बाहेर पाऊल टाकायचं नाही, कारण ६ नॉटनं चाललेली नाव एका मिनिटात १८५ मीटर पुढे जाते आणि रात्रीच्या लाटांत तेवढ्या अंतरावर डोकं दिसत नाही. शीड गुंडाळेपर्यंत मागची कड दीड मीटर फाटली होती.

कप्तान ओरडला नाही. चहा केल्यावर एवढंच विचारलं, पट्टा कधी दिसला? मी खरं सांगितलं, दहा मिनिटं आधी. तो म्हणाला, माझी झोप गेली तर मी दुपारी झोपीन. शंका आली की उठवायचं, शंभरदा खोटी निघाली तरी. पुढच्या चार रात्रींत मी त्याला तीनदा उठवलं. तिन्हीदा काही नव्हतं. तिन्हीदा तो म्हणाला, बरं केलंस.

शीड शिवायला दोन दिवस लागले. जाड पॉलिएस्टरचं कापड, साधी सुई वाकते. पेटीतली मोठी सुई काढली तर आपलं दाभण! कापसाची पोती शिवतो तसे टाके घातले, मेणलावला दोरा दुहेरी, दर हातभर गाठ, म्हणजे एक टाका उसवला तर पुढचे धरून राहतात. ती शिवण मार्टिनिकपर्यंत टिकली.

खलाशी_रत्नागिरी | सकाळी ११:०३

उशिरा उठवणं ही चूक मी मोठ्या जहाजांवरही पाहिली आहे. कप्तानच्या कायम आदेशाच्या वहीत ते वाक्य लिहिलेलं असतं, तरी नवीन अधिकारी संकोचतात. तुम्ही हे उघडपणे लिहिलंत याबद्दल आभार.

लेकीची_माय | दुपारी २:१५

माही पोरगी बारावीले आहे, एनसीसीत आहे. नेव्हीत जातो म्हणते. घरचे म्हणतात आपल्याकडे नदीले पाणी नाही अन् इले समुद्र पाह्यजे. भाऊ, पोरीइले जमते काय हे? न्हाणीघर, संडास कसा असते? खरं सांगा.

धुऱ्यावरचा | दुपारी ३:४०

ताई, खरं सांगतो. आमच्या चौघांत एक बाई होती, पन्नाशीची, ३ ते ६ चा पहारा तिचा आणि सुकाणूवर तिचा हात आमच्यात सगळ्यात चांगला. संडास म्हणजे कपाटाएवढी खोली, दाराला कडी, हातपंपानं समुद्राचं पाणी घेऊन बाहेर टाकायचं. त्यात कागदही टाकायचा नाही, तुंबला तर उघडून साफ करावा लागते. अडचणीच्या दिवसांतलं सामान ती मोजून डब्यात घेऊन आली होती आणि वापरलेलं हवाबंद पिशवीत परत नेलं. लपवाछपवी नव्हती, कोणी विषय केला नाही.

आणि नौदलाचं म्हणाल तर गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली ‘तारिणी’ नावाची १७ मीटरची शिडाची नाव आहे. तिच्यावर सहा महिला अधिकाऱ्यांनी १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ जगाची फेरी केली. कप्तान वर्तिका जोशी ऋषिकेशची, डोंगरातली. पुढे २ ऑक्टोबर २०२४ ला दिलना आणि रूपा या दोघीच तीच नाव घेऊन निघाल्या आणि २९ मे २०२५ ला गोव्यात परतल्या. एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला भारतीय माणूस दिलीप दोंदे, २००९-१० मध्ये, ‘म्हादेई’वर. तीही त्याच यार्डातली. मुलीला हे दाखवा. पोहायला येते का तिला? नसेल तर उन्हाळ्यात शिकवा. मी विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलो.

लेकीची_माय | दुपारी ४:२०

नाही येत. इच्या मामाच्या विहिरीले पाणी असते एप्रिलपर्यंत. तिथं पाठवतो.

गुरुजी_निवृत्त | सायंकाळी ६:३०

एक विचारायचं राहिलं. तू रोज पाठवायचास तो अक्षांश-रेखांशाचा संदेश तुझ्या बाबांकडून शाळेत यायचा आणि पोरं नकाशावर टाचणी लावायची, हे तुला ठाऊक आहे. सहाव्या दिवशीची टाचणी लावताना सातवीतली एक मुलगी म्हणाली, ‘गुरुजी, हा तर आपल्याच रेषेवर आहे.’ मी पट्टी ठेवून पाहिलं. २१ अंश उत्तर. तुला तिथं ते कळलं होतं का?

धुऱ्यावरचा | सायंकाळी ७:१०

गुरुजी, कळलं होतं. पण यंत्रावरून नाही.

त्या रात्री उजव्या हाताला ध्रुव होता. जितके अंश उत्तरेला आपण, जवळपास तितकेच अंश तो क्षितिजावर, हे तुम्हीच शिकवलं होतं. हात लांब करून मूठ धरली की साधारण १० अंश. दोन मुठी आणि वर थोडा. माळ्यावरून आमच्या निंबाच्या शेंड्यावर तो दिसतो तेवढाच उंच. लास पाल्मासला २८ वर होता, दर रात्री थोडा थोडा उतरत आलेला. तिकांडं, म्हणजे मृगातले ओळीतले तीन तारे, डोक्याकडे चढत होतं. पहारा संपत आला तेव्हा ईशान्येला बुढीची खाट, म्हणजे सप्तर्षी, वर आली, खाटेचे चार पाय आधी, तीन चोर अजून पाण्याखाली. नावेच्या मागे पाणी काजव्यासारखं चमकत होतं. मी पुढच्या पहाऱ्याच्या बाईला पाच मिनिटं उशिरा उठवलं, वीस दिवसांत तेवढं एकदाच.

त्या पोरीचं नाव सांगू नका इथं, पण तिला भेटायचं आहे मला. शाळेत येऊ का?

गुरुजी_निवृत्त | सायंकाळी ७:२५

शनिवारी सकाळची शाळा असते. साडेसातला ये. काही दाखवायला असेल तर आण.

धुऱ्यावरचा | सायंकाळी ७:३१

शिडाचा फाटका तुकडा आहे, शिवलेल्या कडेचा. तो आणतो आणि दाभण. पोरांना टाके घालून पाहू द्या. येतो शनिवारी.